स्कार्फखालची गाठ

गाठ पहिल्यांदा दिसली ती आमच्या सेंटरच्या न्हाव्याला. मला नाही, बायकोला नाही, डॉक्टरला तर नाहीच. कसम परेडच्या आदल्या संध्याकाळी खुर्चीत मान मागे टाकून बसलो होतो. वस्तरा गळ्यावरून वर येता येता थांबला.

"उस्ताद, जरा थूक निगलो तो."

गिळलं. आरशात तोही बघत होता, मीही बघत होतो. कंठमण्याच्या खाली, उजव्या अंगाला, कागदी लिंबाएवढं काहीतरी वर सरकलं आणि परत जागेवर येऊन बसलं.

"ये पहले नहीं था," एवढंच म्हणून त्याने वस्तरा पुढे चालवला. दोन वर्षं दर शनिवारी तो माझा गळा बघतोय. त्याच्या शब्दावर शंका घ्यायला जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी परेड झाली. सेरेमोनियल ड्रेसचा स्कार्फ गळ्याला लपेटून पिन मारताना पहिल्यांदा जाणवलं की महिनाभरापासून आपण तो एक बोट सैल बांधतोय. शरीराला आधी कळलेलं असतं, आपल्याला उशिरा कळवतं.

इथे बंगळूरला सीएमपी सेंटरमध्ये मी ड्रिलचा उस्ताद आहे. सीएमपी म्हणजे मिलिटरी पोलीस, लाल टोपीवाले. याच सेंटरच्या द्रोणाचार्य परेड ग्राउंडवरून ८ मे २०२१ ला ८३ महिला शिपायांची पहिली तुकडी बाहेर पडली, ते तुम्ही पेपरात वाचलं असेल. ड्रिलच्या उस्तादाचं भांडवल म्हणजे त्याचा गळा. टर्नआउट, चाल, छडी हे सगळं पाहिजेच, पण ग्राउंडच्या त्या टोकाला उभ्या असलेल्या शेवटच्या पोराची टाच ज्या आवाजावर उचलली जाते तो आवाज नसेल तर बाकीचं सगळं धुऊन प्यायचं. आम्हाला शिकवताना सांगितलेलं असतं की आवाज पोटातून काढायचा, गळ्यातून काढाल तर आठवड्यात बसेल. तरी शेवटी जायचं गळ्यातूनच असतं.

नव्या पोरांना पहिल्या दिवशी दम देताना माझ्या तोंडून मराठीच निघतं. "माझ्याशी गाठ आहे" असं म्हणतो. त्यांना शब्द कळत नाही, सूर कळतो. त्या दिवशी संध्याकाळी हे वाक्य आठवलं आणि हसू आलं. मग हसू थांबलं.

सहा आठवडे मी कुणाला काही सांगितलं नाही.

याची दोन कारणं होती. पहिलं, नायब सुभेदारीचा नंबर जवळ आला होता. फौजेत माणसाची तब्येत पाच अक्षरांत मोजतात, शेप म्हणतात त्याला. मन, कान, हातपाय, एकूण शरीर, डोळे. पाचही ठिकाणी एक असेल तर शेप वन. एका ठिकाणी जरी आकडा वाढला तरी प्रमोशनच्या कागदावर कुणाचं तरी पेन थांबतं. बावीस वर्षांत मी सिक रिपोर्टला गेलो तो दोनदा, एकदा मलेरिया, एकदा घोटा. आता गळ्याची गाठ घेऊन एमआय रूमच्या बाकावर बसायचं म्हणजे आपल्या हाताने ते पेन थांबवायचं.

दुसरं कारण आई.

आमचं गाव साताऱ्याच्या पूर्वेला, माणदेशाच्या तोंडाशी. घर ओढ्याच्या अलीकडे, जमीन पलीकडे. लहानपणी आम्ही पलीकडे गुरं घेऊन जायचो आणि जेवायच्या वेळेला आई अंगणाच्या कडेला उभी राहून हाक मारायची. माझं नाव दोन अक्षरी आहे. दुसरं अक्षर ती असं लांबवायची की ते ओढा ओलांडून, बाभळीतून, आमच्या कानाच्या पाळीला येऊन लागायचं. म्हशीसुद्धा मान वर करायच्या. मी सातवीत असताना तिच्या गळ्याला गाठ आली, ती वाढत गेली, आणि एका मोठ्या गावातल्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. गाठ गेली. थायरॉइडची ग्रंथीही गेली. घरी आली तेव्हा तिचा आवाज घोगरा होता. सगळे म्हणाले महिन्याभरात येईल. तो आलाच नाही. बोलता येतं, भांडता तर उत्तम येतं, पण हाक गेली. जोरात काढायला गेली की आवाज मधेच फाटतो आणि नुसती हवा येते. त्यानंतर आम्हाला जेवायला बोलवायला धाकटी बहीण ओढ्यापर्यंत पळत यायची.

दवाखान्याला मी दोष देत नाही. तेव्हाही दिला नाही, कारण दोष द्यायचा असतो हेच आम्हाला माहीत नव्हतं. गळ्यावर चंद्रकोरीसारखा व्रण राहिला, त्यावर ती मंगळसूत्राची वाटी ओढून घेते. रोज पहाटे चहाच्या आधी, रिकाम्या पोटी एक छोटी पांढरी गोळी. आज तीस वर्षं होत आली.

ड्रिल कोर्सला मी का गेलो असं कुणी विचारलं तर सांगतो की फौजेने पाठवलं. ते खरंच आहे. पण ग्राउंडवर पहिल्यांदा माझा आवाज पलीकडच्या भिंतीवर आपटून परत आला तेव्हा मला आमचा ओढा आठवला होता.

बायकोने शेवटी पकडलंच. आंघोळ करून बाहेर आलो, तिने टॉवेल ओढला आणि विचारलं, "अहो, हे काय?" मी म्हणालो, काही नाही. ती म्हणाली, "काही नाही तर मग दाखवायला काय हरकत आहे?" याला फौजेच्या कुठल्याही मॅन्युअलमध्ये उत्तर नाही. सोमवारी एमआय रूम, गुरुवारी ओल्ड एअरपोर्ट रोडवरचं कमांड हॉस्पिटल.

तिथल्या मॅडम लेफ्टनंट कर्नल, केरळच्या. बोलणं हळू, हात थंड. मागे उभ्या राहून त्यांनी दोन्ही हातांची बोटं गळ्यावर ठेवली, पाणी प्यायला लावलं, आणि पहिला प्रश्न विचारला तो पहाडातल्या पोस्टिंगचा.

होतं. योल कॅम्प, कांगडा जिल्हा. धौलाधारच्या पायथ्याशी दोन वर्षं काढली. तिथल्या गावांमधून गाडी जायची तेव्हा कधीकधी एखादी ऐंशीतली म्हातारी दिसायची, गळ्यात पिशवी लटकल्यासारखं गलगंड. तरुण पोरींमध्ये एकही दिसायची नाही. असं का, हे तेव्हा डोक्यात आलं नव्हतं. पुढे वाचलं. १९५६ मध्ये डॉक्टर व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच कांगडा खोऱ्यात तीन भाग पाडून काम सुरू केलं. दोन भागांना आयोडीन मिसळलेलं मीठ, एका भागाला साधं. काही वर्षांत पहिल्या दोन भागांतल्या शाळकरी पोरांचे गळे उतरले, तिसऱ्यातले तसेच राहिले. मग त्यालाही आयोडीनचं मीठ दिलं. १९६२ चा राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम त्यातून उभा राहिला. आपण मिठाच्या पुडीवर जो शब्द न वाचता पुडी फोडतो, तो त्या खोऱ्यातून आलाय. मी तिथे दोन वर्षं राहिलो आणि फक्त बर्फाचे फोटो काढले.

मॅडम म्हणाल्या, तुमचं तसं वाटत नाही. सगळी ग्रंथी सुजलेली नाही, एकच गाठ आहे. आधी बघू ती कोण आहे.

कोण आहे, काय आहे नाही. मला ते आवडलं. गेटवर संत्री हेच विचारतो.

रक्ताची तपासणी झाली, ग्रंथीचं काम व्यवस्थित. सोनोग्राफीत गाठ ३.१ सेंटीमीटर, बहुतेक भरीव. मग बारीक सुई. सोनोग्राफीवर बघत बघत गाठीत सुई घालतात, थोड्या पेशी काढतात. दुखतं फार नाही, पण हुकूम असतो की गिळायचं नाही, बोलायचं नाही, हलायचं नाही. आयुष्यभर लोकांना 'हिलना मत' सांगितलं, त्या दहा मिनिटांत त्याचा अर्थ कळला. सावधानमध्ये उभं राहणं सोपं आहे. थुंकी न गिळणं अवघड.

पाच दिवसांनी रिपोर्ट आला, बेथेस्डा दोन. बेथेस्डा हे अमेरिकेतलं गाव, तिथे तेव्हा त्यांच्या आरमाराचं मोठं हॉस्पिटल होतं. २००७ मध्ये तिथे जमलेल्या डॉक्टरांनी थायरॉइडच्या सुईच्या तपासणीचे सहा वर्ग ठरवले. दोन म्हणजे साधी गाठ, कॅन्सर नाही. चूक निघायची शक्यता अगदी थोडी. बायकोने रिपोर्ट हातात घेऊन दोनदा वाचला आणि पर्समध्ये ठेवला. अजूनही तिथेच आहे.

मॅडमनी सांगितलेली एक गोष्ट मला त्या वेळी पटली नव्हती. हाताला लागेल अशी थायरॉइडची गाठ शंभरातल्या साधारण पाच बायकांत आणि एका पुरुषात असते. पण सरसकट सगळ्यांच्या गळ्याला सोनोग्राफी लावली तर शंभरातल्या १९ पासून ६८ जणांपर्यंत गाठ सापडते, असं वेगवेगळ्या अभ्यासांत दिसलंय. कॅन्सर निघतो तो गाठी असलेल्या शंभरातल्या सात ते पंधरा जणांत. म्हणजे परेड ग्राउंडवर मी ज्यांना ओरडतो त्यांच्यातल्या कितीतरी जणांच्या स्कार्फखाली काहीतरी असणार. त्यांचा न्हावी माझ्याइतका बारीक बघत नाही, एवढाच फरक.

"मग आता काय करायचं?" मी विचारलं.

"सध्या काही नाही. सहा महिन्यांनी या."

मला हे उत्तर नको होतं. गाठ काढू नका म्हणाल्या असत्या तर चाललं असतं, काढा म्हणाल्या असत्या तर घाबरलो असतो पण चाललं असतं. 'काही नाही' हा कुठला हुकूम?

त्याच आठवड्यात धाकट्या मेहुणीचा फोन आला. तिचे यजमान बंगळूरच्याच एका कंपनीतले, कंपनीने चार वर्षांपूर्वी त्यांना हाँगकाँगला पाठवलं. तिलाही थायरॉइडची गाठ होती हे मला माहीतच नव्हतं. "दाजी, कापायचं नाही, टोचायचं नाही. माझी आवाजानेच जाळली," ती म्हणाली.

मला वाटलं चेष्टा करतेय.

चेष्टा नव्हती. हायफू म्हणतात त्याला, एकाच ठिकाणी एकवटलेला अल्ट्रासाउंड. सोनोग्राफीत वापरतात तोच, माणसाच्या कानाला न ऐकू येणारा ध्वनी, पण जोर कितीतरी जास्त आणि सगळा एका बिंदूवर आणलेला. लहानपणी भिंगाने उन्हात कागद जाळलाय ना? भिंगाला चटका बसत नाही, मधल्या हवेला बसत नाही, जिथे किरण एकत्र येतात तिथेच धूर निघतो. फौजी भाषेत सांगायचं तर दहा ठिकाणांहून फायर एका टार्गेटवर. वाटेतल्या कातडीला एकेका गोळीचा फारसा त्रास नाही, टार्गेटवर मात्र सगळ्या एकदम. गाठीच्या आत तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत तापमान ६० अंशांच्या वर जातं आणि तिथल्या पेशी शिजून मरतात. मग शेजारचा दाणा, मग त्याच्या शेजारचा. मेलेल्या पेशी शरीर हळूहळू साफ करतं आणि गाठ महिन्यामहिन्याने आक्रसत जाते. ग्रंथीचा बाकीचा भाग राहतो, म्हणून जन्मभराची गोळीही सहसा लागत नाही. हे शेवटचं वाक्य ऐकताना माझ्यासमोर आईच्या उशाशी असलेली बाटली होती.

मेहुणीने सांगितलं ते असं. मान मागे करून झोपवतात. झोपेचं आणि दुखणं कमी करायचं औषध शिरेतून, गळ्याला बधिर करायचं इंजेक्शन. म्हणजे अगदी टोचत नाहीत असं नाही, हे तिनेच हसत कबूल केलं. मग गळ्यावर यंत्राचं डोकं टेकवतात, त्याला थंड पाण्याची पिशवी असते, कातडी भाजू नये म्हणून. काही सेकंद मारा, मग थोडी विश्रांती, परत मारा. वर एक लेझर गळ्यावर नजर ठेवून असतो. आपण हललो, गिळलं, की यंत्र तिथल्या तिथे बंद. दुखलं का? "दाढ ठणकल्यासारखं, जबड्यात आणि खांद्यात." तास-सव्वा तासात झालं, संध्याकाळी ती घरी. आठ महिन्यांत गाठ निम्म्यावर आली.

मी रात्री दोन वाजेपर्यंत मोबाइलवर वाचत बसलो. मूळ शोध लष्करी निघाला, म्हणून मला जरा जास्तच रस आला. पहिल्या महायुद्धात पाणबुड्या शोधायला पॉल लांजव्हँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने पाण्यात अल्ट्रासाउंड सोडायचं यंत्र बनवलं. १९१७ मध्ये चाचण्या चालू असताना त्याच्या लक्षात आलं की ध्वनीच्या वाटेत सापडलेले मासे मरतात, आणि हात घातला तर वेदना होतात. शत्रू शोधायला काढलेली गोष्ट मारतेही, हे कळलं ते असं. १९४२ मध्ये अमेरिकेत तो ध्वनी एका बिंदूवर आणून शरीराच्या आत खोलवर जखम करून दाखवली. पन्नासच्या दशकात फ्राय बंधूंनी मेंदूपर्यंत मजल मारली. थायरॉइडच्या गाठीवर माणसात केलेला पहिला प्रयोग फ्रान्समधला, तो २०११ मध्ये छापून आला, आणि त्यावर पुढे भरपूर काम हाँगकाँगमध्ये झालं. मेहुणी योग्य गावात होती म्हणायची.

आणि बंगळूर? मेखरी सर्कलवरून आपल्या गाड्या रोज जातात, तिथेच रामन इन्स्टिट्यूटची झाडी लागते. मुलगी अकरावीत आहे, तिने मला सांगितलं की सी. व्ही. रामन इथे टाटांच्या विज्ञान संस्थेत असताना १९३५-३६ मध्ये त्यांनी आणि नागेंद्र नाथ यांनी अल्ट्रासाउंडच्या लाटांमधून प्रकाश गेला की तो कसा फाकतो याचं गणित मांडलं, रामन-नाथ सिद्धांत म्हणून ते जगभर शिकवतात. त्याच रामननी मृदंग आणि तबल्याच्या आवाजावरही काम केलंय. मुलगी म्हणाली, "पप्पा, तुमच्या आवाजावर पण केलं असतं." मी म्हणालो, आधी तो राहू दे.

राहू दे, हीच सगळी गोष्ट होती. मला गाठ जायला हवी होती, आणि आवाजाला हात न लावता जायला हवी होती. मेहुणीच्या यंत्राने दोन्ही होतंय असं मी मनाशी ठरवून टाकलं.

शहरातल्या एका खासगी सेंटरची जाहिरात होती, चिरा नाही, टाका नाही, व्रण नाही. रविवारी बायकोला घेऊन गेलो. काउंटरवरच्या पोरीने हसून बसवलं, पाणी दिलं आणि पॅकेज सांगितलं. माझ्या गळ्याला अजून कुणी हात लावलेला नव्हता. मग तरुण डॉक्टर आले. बोलता बोलता कळलं की त्यांचं मशीन ध्वनीचं नाहीच, सुईचं आहे. सोनोग्राफीवर बघत गाठीत सुई घालायची आणि विजेच्या लहरींनी तिचं टोक तापवायचं. मी विचारलं, मग हे हायफू नाही? ते म्हणाले, तसंच असतं ते. तसंच नसतं. सुईवाला इलाज वाईट नाही, चांगलाच आहे आणि जगात तोच जास्त चालतो, हे मला पुढे मॅडमनीच सांगितलं. पण जाळण्याआधी गाठ साधीच आहे याची खात्री सुईच्या तपासणीने, बहुतेक ठिकाणी दोनदा, करून घेतात. इथे बायकोच्या पर्समध्ये बेथेस्डाचा कागद होता आणि तासाभरात तो कुणीही मागितला नाही. तारीख मात्र मागितली, बुकिंगची.

आम्ही बाहेर येऊन फिल्टर कॉफी प्यायलो. बायको म्हणाली, "यांना तुमचा गळा नको, खिसा पाहिजे." मी काही बोललो नाही, कारण आत असताना मी जवळजवळ हो म्हणालो होतो.

मॅडमकडे परत गेलो ते सहा महिन्यांच्या आधीच. मोबाइलमधले लेख, मेहुणीची हकीकत, सगळं सांगितलं. वाटलं रागावतील. त्यांनी कागद घेतला आणि चित्र काढलं.

स्वरयंत्र हलवणारी नस मेंदूकडून येते, पण सरळ स्वरयंत्राला जात नाही. त्याच्या शेजारून खाली छातीकडे उतरते, उजवीकडची खांद्याकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीला वळसा घालते, डावीकडची थेट हृदयाजवळच्या महाधमनीला, आणि मग पीछे मुड करून परत वर येते. वर येताना ती थायरॉइडच्या मागून, श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्या मधल्या खाचेतून जाते. दोरीएवढी नाही, शिवायच्या दोऱ्याएवढी. चाकू असो, सुई असो की ध्वनी, या दोऱ्यापासून लांब राहायचं. हायफू करणारे म्हणून गाठीची मागची कड सोडून देतात. ध्वनीला आणखी अटी असतात. गाठ फार खोल नको, कातडीला फार लागून नको, पाण्याने भरलेली नको. आणि ती नाहीशी होत नाही, लहान होते. मोठी असेल तर कमी होते, कधी परत वाढते, परत करावं लागतं.

मग माझी सोनोग्राफी दाखवली. माझी गाठ ग्रंथीच्या मागच्या अंगाला आहे. मागची कड त्या खाचेला टेकलेली.

"तुमच्या मेहुणीची पुढे असेल," त्या म्हणाल्या. "यंत्र चांगलं आहे. या गाठीसाठी मी ते निवडणार नाही. आणि मुळात, उस्ताद, गाठ तुम्हाला त्रास काय देते?"

मी म्हणालो, स्कार्फ.

"गिळताना अडकतं? झोपल्यावर श्वास? आवाजात फरक?"

नाही. नाही. नाही. ईएनटीच्या डॉक्टरांनी नाकातून दुर्बीण घालून व्होकल कॉर्ड बघितल्या होत्या, दोन्ही कदम मिलाकर चालत होत्या.

"मग इलाज कुणाचा करायचा? गाठीचा, की गाठ आहे हे तुम्हाला माहीत आहे त्याचा?"

त्या वेळी मी आईचं सांगितलं. तोपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. आई, ओढा, हाक, सगळं. हॉस्पिटलच्या खोलीत हवालदार माणसाने सांगायच्या गोष्टी नव्हेत, पण सांगितल्या. त्या ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "ऑपरेशन लागलंच तर नस शोधून, बघून, जपून करतात. बहुतेकांना काही होत नाही. पण मी तुम्हाला वचन देणार नाही. म्हणूनच गरज नसताना करणार नाही."

त्या रात्री मेहुणीला फोन केला, गाठ कुठे होती ते विचारायला. बोलता बोलता ती अडखळली. मग म्हणाली, "दाजी, एक सांगायचं राहिलं. त्यानंतर पाच आठवडे माझा आवाज बसला होता. एका बाजूची कॉर्ड हलत नव्हती. परत आला, आता ठणठणीत आहे. तुम्ही आधीच घाबरलेले, म्हणून मुद्दामच बोलले नाही."

तिच्यावर चिडायला हवं होतं. उलट सुटल्यासारखं वाटलं. त्या यंत्रातही तोच दोरा सांभाळायचा असतो, हे मॅडमनी कागदावर काढून दाखवलं होतं, पण मला ते कळलं मेहुणीच्या त्या पाच आठवड्यांनी. हायफूनंतर थोड्या लोकांचा आवाज असा बसतो, आणि बहुतेकांचा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत येतो. तिचा आला. पाच आठवडे तिने पोरांना टाळ्या वाजवून बोलावलं, हे तिने नंतर सांगितलं.

तर मी काही केलं नाही. सहा महिन्यांनी गेलो, मग पुढच्या सहा महिन्यांनी. मधे बंगळूरचा जानेवारी येऊन गेला, क्वार्टर्ससमोरच्या झाडांना पानं न राहता नुसती गुलाबी फुलं आली, एक बॅच गेली, दुसरी आली. स्कार्फ एक बोट सैलच बांधतो. न्हावी दर शनिवारी वस्तरा थांबवतो, बघतो आणि काही न बोलता पुढे जातो. संत्री ड्युटी अशीच असते. काही घडत नाही, हे बघत बसायचं असतं, आणि तरी रात्रभर जागं राहावं लागतं. पोरांना मी हे शिकवत आलो. स्वतः करताना पहिले तीन-चार महिने फार जड गेलं. दाढी करताना, बेल्ट बांधताना, फाइल घेऊन चालताना हात गळ्याकडे जायचा. एकदा ग्राउंडवर गेला तर मागच्या ओळीतल्या एका पोराने नक्कल केली. त्याला तीन राउंड पळवलं. चूक त्याची नव्हती.

कॅटेगरीचं आणि प्रमोशनचं काय झालं ते इथे लिहीत नाही. ऑफिसच्या गोष्टी ऑफिसात.

मागच्या महिन्यात वर्षाची सोनोग्राफी झाली. ३.२ सेंटीमीटर. मी आकडा बघितला आणि पोटात गोळा आला. मॅडम म्हणाल्या, एक मिलिमीटर म्हणजे मोजणाऱ्याच्या हाताचा फरक. दोन बाजूंनी किमान वीस टक्के वाढली, आणि तीही निदान दोन मिलिमीटर, तर आम्ही वाढली म्हणतो. पुढच्या वर्षी या. स्कार्फ सोडून आणखी काही त्रास झाला तर आधी या.

बाहेर येऊन गेटजवळच्या पिंपळाखाली उभा राहिलो आणि आईला फोन लावला. तिला सगळं माहीत आहे आता, बायकोने सांगितलं.

"काय म्हणाली डॉक्टरीण?" तिचा घोगरा आवाज.

"तशीच आहे. पुढच्या वर्षी बघू म्हणाल्या."

"कापायचं नाही ना?"

"नाही."

"ध्वनी-बिनी?"

"तेही नाही."

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मागे भांडं वाजलं.

"जोरात बोल की रे," ती म्हणाली. "इथं काय ऐकू येत नाही."

मी जोरात बोललो. गेटवरच्या संत्र्याने वळून बघितलं.

"हां, आता आलं ऐकू. ठेव फोन, दूध उतू चाललंय."